पहिला आठवडा वरच्या दुधाविना

दुधाची ॲलर्जी होऊ नये म्हणून बाळाला काय द्यावं, असं विचारणाऱ्या आईबापांच्या मनात बहुतेक वेळा एखादा डबा किंवा पुडी असते. मेडिकलच्या फळीवर तसे डबे असतातही. एकावर ‘प्रीबायोटिकयुक्त’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘जीओएस-एफओएस’, अलीकडच्या महागड्या डब्यांवर ‘२-एफएल’. ही अक्षरं कशाची ते पुढे येईलच. त्याआधी जी गोष्ट फुकट आहे आणि जिच्यामागचं कारण डब्यांपेक्षा भक्कम आहे, ती सांगतो. जन्मानंतरचा पहिला आठवडा बाळाला वरचं दूध देऊ नका. गाईचं नाही, म्हशीचं नाही, शेळीचं नाही आणि पावडरचंही नाही.

युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने अन्नाची ॲलर्जी टाळण्याबद्दल २०२१ साली सूचना काढल्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या आठवड्यात पूरक म्हणून गाईच्या दुधाची पावडर देणं टाळा, असं त्यांत आहे. त्याआधी २०१९ मध्ये जपानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. घरात ॲलर्जीचा इतिहास असलेली तीनशेवर नवजात बाळं त्यात घेतली होती. पहिले तीन दिवस तरी ज्यांना गाईचं दूध मिळालं नाही, त्यांच्या रक्तात पुढे दुधाविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण कमी आढळलं. सगळ्यात वाईट क्रम दिसतो तो असा: पहिल्या दोन-चार दिवसांत बाटलीभर वरचं दूध, मग काही महिने फक्त आईचं, मग अचानक पुन्हा वरचं. शरीराला एकदा ओळख होते, मग खंड पडतो आणि तेच प्रथिन परत आल्यावर शरीर त्याला शत्रू समजतं. आपल्याकडे नेमकं असंच घडतं. दवाखान्यातले तीन दिवस डबा, घरी आल्यावर अंगावरचं, आणि सहाव्या महिन्यात उष्टावण झालं की म्हशीचं दूध.

वाशीम असो की रिसोड, मानोरा असो की कारंजा, बाळंतिणीच्या वॉर्डात दुसऱ्या दिवशी ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं: “दूधच नाही उतरलं, लेकरू उपाशी रडून राह्यलं, डबा लिहून द्या.” सिझर झालेलं असेल तर हे वाक्य आणखी लवकर येतं. देशपातळीवरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, पण जन्माच्या पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के होती. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, पण बाळ छातीशी पोचायला उशीर झाला.

दूध उतरलं नाही असं वाटतं त्या दिवसांत चीक उतरलेला असतोच. तो पिवळसर, घट्ट आणि थोडा असतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतो, कारण पोटात मावतंच तेवढं. भरपूर पांढरं दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझरनंतर कधी त्याहून उशिरा. तोवर बाळाचं वजन थोडं घटणं हे ठरलेलं आहे. सात टक्क्यांपर्यंत घट झाली तर घाबरायचं नाही, दहाच्या जवळ गेली तर डॉक्टरांनी लक्ष घालायचं. घरच्यांनी पाहायची सोपी खूण म्हणजे लघवी. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा अशी वाढत जाऊन पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा होत असेल, तर दूध पुरतं आहे. रडण्यावरून अंदाज बांधू नका. नवजात बाळ भुकेसाठी रडतं तसं ऊब हवी म्हणूनही रडतं. उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवलं की अनेकदा गप्प होतं आणि आपण होऊन दूध शोधू लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बाळाची साखर उतरली आहे, ते फार कमी दिवसांचं आहे, आई अतिदक्षता विभागात आहे, अशा वेळी डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं तर ते द्यायचं. ॲलर्जीच्या भीतीने बाळ उपाशी ठेवणं हा मूर्खपणा ठरेल. मात्र ‘सगळेच देतात’ म्हणून देऊ नका. आधी आईचं दूध हाताने पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजून पाहा. मोठ्या रुग्णालयात बाळ दाखल असेल तर मातृदुग्धपेढी आहे का, हे विचारायला लाजू नका. आशियातली अशी पहिली पेढी आपल्याच राज्यात, मुंबईच्या शीव रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. दात्या आईचं दूध तिथे ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. त्या उष्णतेत काही गुण कमी होतात, पण आता ज्या साखरांबद्दल सांगणार आहे त्या शाबूत राहतात.

आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल सगळ्यात जास्त काय असतं? प्रथिनं, असं आपण म्हणू. पण नाही. तिसऱ्या क्रमांकावर असतात लहान साखळ्यांच्या विशेष साखरा. दोनशेच्या आसपास प्रकार, लिटरमागे साधारण पाच ते पंधरा ग्रॅम, आणि चिकात त्याहूनही जास्त. गंमत अशी की बाळाला त्या पचतच नाहीत. मोठ्या आतड्यापर्यंत त्या जशाच्या तशा जातात आणि तिथे बायफिडो जातीच्या जिवाणूंचं खाद्य होतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी टिसिए याने १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत हे जिवाणू पहिल्यांदा ओळखले. अशा जिवाणूंच्या खाद्याला प्रीबायोटिक म्हणायचं, हे त्यानंतर बऱ्याच काळाने, १९९५ मध्ये ठरलं. लोक प्रीबायोटिक आणि प्रोबायोटिक यांत गोंधळतात म्हणून सांगतो: दह्यातले किंवा पुडीतले जिवंत जिवाणू ते प्रोबायोटिक, आणि त्यांचं खाणं ते प्रीबायोटिक.

बायफिडो जिवाणू या साखरांपासून आम्लं तयार करतात. शी आंबूस होते, त्यात जुलाबाचे जंतू फारसे टिकत नाहीत. सोयाबीनच्या शेतात पीक दाट उगवलं की तणाला जागा उरत नाही, तसंच हे. आणि आतड्याच्या अस्तरापाशी बसलेल्या प्रतिकारपेशींना याच काळात एक धडा मिळत असतो: कोणावर तुटून पडायचं आणि कोणाला सोडून द्यायचं. अन्नाला सोडून द्यायला शिकवण्यात या जिवाणूंचा हात असतो. ॲलर्जी म्हणजे तो धडा चुकणं. सिझर, जन्मतःच दिलेली अँटिबायोटिक्स आणि वरचं दूध, या तिन्हींनी बाळाच्या पोटातली ही वस्ती बदलते. पहिल्या दोन गोष्टी कधी कधी टळत नाहीत. तिसरी बऱ्याचदा टळते.

आता डब्याकडे. जीओएस आणि एफओएस या कारखान्यात केलेल्या साखरा आहेत. गाईच्या दुधात आईच्या दुधातल्या साखरा जवळजवळ नसतात, ती उणीव भरायला त्या घालतात. २-एफएल ही त्या दोनशे प्रकारांतली एक, कारखान्यात तयार केलेली. त्यांनी काही होत नाही असं नाही. डब्याच्या दुधावरच्या बाळाची शी मऊ होते, बायफिडो वाढतात. इटलीतल्या मिलान शहरात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांत सहा महिन्यांपर्यंत इसब होण्याचं प्रमाण २३ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आलं. मोठी आशा निर्माण झाली. पण २०१६ मध्ये आठशेहून अधिक बाळांवरचा अभ्यास आला तेव्हा वर्षाअखेर इसबात फरक दिसला नाही. त्याच वर्षी जागतिक ॲलर्जी संघटनेने सांगितलं की फक्त आईच्या दुधावर नसलेल्या बाळांसाठी प्रीबायोटिकचा विचार करता येईल, पण पुरावा फार कच्चा आहे. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला त्याची गरज नाही. युरोपच्या २०२१ च्या सूचनांनी तर ‘द्या’ही म्हटलं नाही आणि ‘देऊ नका’ही नाही. दुधाचीच ॲलर्जी यामुळे टळते, असं ठामपणे दाखवणारं काही हाती नाही. म्हणून डबा लागणारच असेल तर प्रीबायोटिक असल्याने बिघडत नाही. पण त्या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका, आणि त्या शब्दासाठी अंगावरचं दूध तर मुळीच सोडू नका. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूध-पावडरच्या जाहिरातीला बंदी आहे. शब्दांचा सगळा भार डब्याच्या वेष्टणावर येतो तो त्यामुळेही.

जिवाणूंच्या पुड्यांबद्दलही विचारणा होते, कारण ओडिशातला अभ्यास बराच गाजला. तिथल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांपैकी निम्म्यांना सात दिवस एक जिवाणू आणि त्याचं खाद्य असं मिश्रण दिलं गेलं. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मोठंच काम आहे ते. पण तो प्रयोग जंतुसंसर्गासाठी होता, ॲलर्जीसाठी नव्हता, आणि तो विशिष्ट जिवाणू म्हणजे दुकानात मिळणारी कोणतीही पुडी नव्हे.

बाळंतिणीच्या ताटाकडे वळू. आपल्या भागात ‘वातूळ’ म्हणून तुरीचं वरण, हरभरा, कांदा बंद करतात. या पदार्थांनी वात का होतो? त्यांतल्या साखळ्या आपल्याला पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि वायू सोडतात. म्हणजे आजी जिला वातूळ म्हणते तीच वस्तू डबेवाले प्रीबायोटिक म्हणून विकतात. वात आईच्या पोटात होतो, दुधातून बाळाकडे जात नाही. तेव्हा आईला सोसत असेल तर वरण, उसळ, कांदा, लसूण, केळं, ज्वारीची भाकर सगळं खावं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू यांतही विरघळणारा चोथा भरपूर असतो. ते खुशाल खावेत. पण अपेक्षा माफक ठेवा. आईच्या दुधात कोणत्या साखरा उतरणार हे बरंचसं तिच्या जनुकांवर ठरतं, लाडवांवर नाही. आणि बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून गरोदरपणात किंवा बाळंतपणात आईने दूध-दही सोडण्यात काही अर्थ नाही. तिचं कॅल्शियम तेवढं बुडतं.

गुटीविषयी थोडं कडक बोलावं लागेल. सहाणेवर हळकुंड, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग यांचे वेढे, वर मधाचं बोट. सहा महिन्यांच्या आत यातलं काहीच लागत नाही. सहाण, पाणी, हात, यांतलं एक तरी अस्वच्छ असतं, आणि वेखंडाने काही बाळं उलट्या करतात. मध तर वर्षभर नकोच. त्यात क्वचित असणारे बॉट्युलिझमचे बीजाणू लहान बाळाला लुळं पाडू शकतात. बारशाला सोनं-मध चाटवायचा हट्टच असेल तर सोनं आईच्या दुधात बुडवा, असं मी आज्यांना सांगतो. बहुतेक आज्या ऐकतात.

इतकं करूनही थोड्या बाळांना दुधाची ॲलर्जी होतेच. पण जितक्यांना ती आहे असं घरच्यांना वाटतं, त्यांतल्या फार थोड्यांना खरी असते. बाळ दूध पिऊन गुळणी काढतं आणि हसतं, वजनही वाढतं आहे: ॲलर्जी नाही. प्रत्येक वेळी पाजल्यावर पिवळी, पातळ शी होते: अंगावरच्या बाळाची रीतच ती. दुसऱ्या महिन्यानंतर तेच बाळ चार-सहा दिवस शी करत नाही आणि मग मऊ करतं, तेही चालतं. संध्याकाळी तासन्‌तास रडतं, सहाव्या आठवड्यात कळस होतो, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं: पोटात दुखत असेल, पण डबा बदलून ते लवकर थांबत नाही. “लेकराले दूध पचून नाही राह्यलं” म्हणून दुग्धशर्कराविरहित डबा आणणं ही आणखी एक चूक. आईच्या दुधात दुग्धशर्करा गाईच्या दुधापेक्षा जास्तच असते आणि जन्मतः ती न पचणारं बाळ अतिदुर्मिळ. मोठ्या जुलाबानंतर काही दिवस पचन मंदावतं, ते भरून येतं. ॲलर्जी साखरेची नसते, प्रथिनाची असते. त्यामुळे त्या डब्याने ॲलर्जी बरी होणार नाही.

खरी ॲलर्जी दोन तऱ्हांची. एक झटपट: वरचं दूध दिल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणं, उलट्या, घरघर. श्वास कोंडत असेल, बाळ पांढरं पडून लुळं होत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. दुसरी सावकाश: काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी शीत रक्ताचे धागे आणि शेंबूड, न आटोपणारं इसब, वजन न वाढणं. दुसऱ्या तऱ्हेत रक्ताच्या तपासणीतून बहुधा काही कळत नाही. खात्री करण्याचा मार्ग जुनाच आहे: डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद, मग पुन्हा सुरू. बंद केल्यावर बरं वाटलं आणि सुरू केल्यावर त्रास परतला, तरच ॲलर्जी. लोक पहिला भाग करतात, दुसरा टाळतात, आणि मूल उगाच वर्षानुवर्षं ‘दूध न चालणारं’ म्हणून वाढतं. ज्याला झटपट त्रास झाला आहे त्याची ही परीक्षा घरी करायची नाही, दवाखान्यातच.

अंगावर पिणाऱ्या बाळाला खरी ॲलर्जी निघाली तर अंगावर पाजणं चालूच ठेवायचं. आईने मात्र गाई-म्हशी-शेळीचं दूध, दही, ताक, पनीर, खवा आणि दूध असलेली बेकरीची बिस्किटं ॲलर्जी आहे तोवर बंद करायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या. सोबत तीळ, नाचणी, अळीव. डबाच लागत असेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला खास प्रकारचा डबा येतो. तो महाग असतो आणि चवीला कडवट, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायचा.

आणि शेळीचं दूध? ज्या बाळाला गाईचं चालत नाही त्यांतल्या दहापैकी नवांहून अधिक जणांना शेळीचंही चालत नाही, कारण प्रथिनं जवळजवळ सारखी. म्हशीचंही तसंच. दारावर चमचाभर विकत मिळणाऱ्या गाढविणीच्या दुधाबद्दल सांगायचं तर, त्यातली प्रथिनं आईच्या दुधाच्या थोडी जवळ जातात हे खरं आहे. पण कुठे पिळलं, कोणत्या भांड्यात आणलं याचा पत्ता नसलेलं कच्चं दूध तान्ह्याला पाजायचं नसतं, मग ते कितीही किमतीचं असो. आपला वाशीम जिल्हा सोयाबीनचा, तेव्हा घरी केलेलं सोया दूधही लोकांना सुचतं. ते बाळाचं अन्न नव्हे. त्यात पोषण अपुरं असतं. सोयाचा तयार डबाही पहिल्या सहा महिन्यांत टाळतात, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही बाधतो.

सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण करा, लांबवू नका. मऊ वरण-भात, कुस्करलेलं केळं, भाकरी वरणात मोडून, घरचं ताजं दही, पूर्ण उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट कालवून. शेंगदाणे अख्खे नकोत, घशात अडकतात. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की धोक्यातल्या बाळांना शेंगदाणा लवकर सुरू केला तर त्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण जवळपास चार पंचमांशांनी घटतं. टाळून ॲलर्जी टळते, हा जुना समज तिथे मोडला. ज्या बाळाला आधीच मोठं इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी शेंगदाण्याआधी डॉक्टरांना विचारा. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू द्या.

या सगळ्यात घराजवळचं माणूस म्हणजे आशाताई. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. ही दुसरी फेरी २०१८ मध्ये शासनाने ‘आकांक्षित’ ठरवलेल्या जिल्ह्यांपासून सुरू झाली, आणि वाशीम त्यांत होता. तिसऱ्या दिवशीच्या भेटीत तिच्यासमोर पाजून दाखवा. बहुतेक वेळा बाळ स्तनाग्र नुसतं ओठांत धरत असतं आणि काळा भाग तोंडात येत नसतो. पकड नीट झाली की ‘दूध पुरत नाही’ची तक्रार तिथेच निम्मी होते. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका, त्यानेही पोटातली जिवाणूंची वस्ती बदलते.

ज्याला ॲलर्जी ठरली आहे त्याला ती बहुधा जन्मभर राहत नाही. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुतेकांची जाते, सावकाश तऱ्हेची त्याहून लवकर. म्हणून सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा पडताळून पाहायचं, झटपट तऱ्हेच्या बाळाचं दवाखान्यातच. आधी भट्टीत चांगलं भाजलेल्या बिस्किटातलं दूध, ते सोसलं तर शिजवलेल्या पदार्थातलं, मग दही, शेवटी पेल्यातलं दूध. सुरुवात सकाळी करा, बाळाला ताप-खोकला नसताना, आणि गावाहून तालुक्याच्या दवाखान्याकडे गाडी मिळेल अशा दिवशी.